पुठ्ठ्याची पट्टी

आमच्या कार्यालयाचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून चालू आहे. मी त्यातून दोन वेळा बाहेर पडले आणि दोन्ही वेळा मला परत आत घेतलं गेलं. रोज सकाळी त्यात कुणीतरी उगवता सूर्य टाकतं, कुणीतरी चहाचा कप ठेवतं, खाली सुविचार असतो. मी उघडते, न वाचता खाली सरकवते आणि बंद करते. ज्या माणसाबद्दल मी हे लिहिते आहे, त्याच्या नावानं या ग्रुपवर एका दुपारी गुलाबांचा खच पडला होता. त्यातला एकही गुलाब माझा नव्हता. तेवढीच माझी त्यांच्याकडची शिल्लक.

ते आमच्या रेकॉर्ड रूमचे दफ्तरी होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत. जुन्या कागदांचे लाल कापडात बांधलेले गठ्ठे, ज्यांना आम्ही बस्ते म्हणतो, ते फळीवरून काढायचे, हवा तो कागद शोधायचा, काम झालं की परत बांधून ठेवायचे, हे त्यांचं काम. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा काही गावांचे बस्ते इकडचे तिकडे झाले. कुठल्या गावाचा कुठे गेला हे एका यादीत होतं आणि ती यादी चुकीची होती. बरोबर यादी काकाजींच्या डोक्यात होती.

मी तिथे कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा मला एम. ए.ची पदवी होती आणि मोडीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. काकाजी दहावी नापास. त्यांच्या आधीच्या दफ्तरीनं त्यांना मोडी शिकवली होती, त्यांनी मला शिकवली. पाटीवर नाही, सरळ कागदावर. पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हे वाच बाई. चुकलं तं चुकू दे, कागद काही ओरडत नाई." चारचौघांत ते मला मॅडम म्हणत. रेकॉर्ड रूमचं दार लोटलं की बाई.

त्यांच्या टेबलावर एक पुठ्ठ्याची पट्टी असे. जुन्या फाइलच्या पाठीतून कापलेली, वीतभर लांब, तीन बोटं रुंद, कडा हाताळून मऊ झालेल्या. मला सुरुवातीला वाटलं, ओळ चुकू नये म्हणून असेल.

जुन्या वह्यांमध्ये नावापुढे जातीचा रकाना असतो. काकाजींच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, तेव्हा काकाजी जन्मायचे होते. म्हणजे त्या रकान्यातला शब्द त्यांचा स्वतःचा कधीच नव्हता. पण शिक्षणासाठी, नोकरीसाठी, प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी तोच शब्द जुन्या कागदात दाखवावा लागतो. त्यामुळे जो शब्द सोडून लोक बाहेर पडले, तोच शोधत ते आमच्या दारात येत. धुतलेले कपडे घालून येत, पिशवीतून अर्ज काढत.

काकाजी पान शोधत आणि समोरच्यापुढे ठेवण्याआधी त्या रकान्यावर पट्टी ठेवत. मग म्हणत, "तुमचंच पान हाय. पट्टी तुमीच उचला." आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहत. माणूस पट्टी उचलून पाही, परत ठेवी, खाकरे. मग काकाजी वळत आणि नकलेचा नंबर विचारत.

"तुम्ही तर ते आधीच वाचलेलं असतं," मी एकदा म्हणाले.

"वाचलं ते काम म्हनून. त्याइच्या तोंडासमोर उभं राहून पाहनं वेगळं."

"असा नियम आहे का कुठे?"

"नियम कायले पायजे, बाई?"

एका दुपारी कुणी आलेलं नव्हतं. काकाजींनी लाखांदूरकडच्या त्यांच्या गावचा बस्ता सोडला आणि एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. पट्टी आधीच ठेवलेली होती, उभी, शेवटच्या दोन रकान्यांवर. उरलेल्या भागात त्यांच्या आजोबांचं नाव होतं, आजोबांच्या बापाचं नाव होतं आणि गावच्या बोडीखालचं, म्हणजे लहान तळ्याखालचं, दोन धुऱ्यांमधलं एवढंसं वावर होतं.

"अक्षर पाय," ते म्हणाले. "धानाची लोंब वाकते तसं वाकलं हाय. असं पान पुऱ्या दप्तरात नाई."

खरंच नव्हतं. मी पट्टीकडे पाहिलं असावं. ते म्हणाले, "ते दोन रकाने मी नोकरीले लागलो त्या साली वाचले. एकदा. मंग नाई वाचले." आणि बस्ता बांधला.

इथपर्यंतचं मी आनंदानं लिहू शकते. पुढचं लिहायला मला चार महिने लागले आहेत.

नेट स्वस्त झालं त्या सुमारास आमच्याकडे नवे साहेब आले. तरुण, चटपटीत. त्यांनी ग्रुप काढला आणि आदेश काढला की प्रत्येक कर्मचाऱ्यानं दर सोमवारी आपल्या कामातलं एक उपयुक्त ज्ञान ग्रुपवर टाकावं. ज्ञान वाटल्यानं कार्यालय पुढे जातं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि म्हणणं चूक नव्हतं. पण सोमवारी सकाळी काय व्हायचं, तर कुणी लिंबूपाण्याचे फायदे टाकायचं, कुणी गेल्या सालचा शासन निर्णय, कुणी मेंदूचे व्यायाम. साहेब प्रत्येकाला अंगठा द्यायचे. ज्यानं टाकलं नाही त्याचं नाव संध्याकाळी लाल ठिपक्यासह यादीत यायचं. माझं नाव तीन सोमवार लाल होतं. काकाजींचं नाव कायमच, कारण त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता.

"दफ्तरींचं सगळं डोक्यात आहे," साहेब एका बैठकीत म्हणाले. "पुढच्या वर्षी ते रिटायर होतील. मग काय, डोकं इथे ठेवून जाणार आहेत का?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं आमचा अव्वल कारकून. हा माणूस ग्रुपचा जीव होता. पहिला विनोद त्याचा, पहिला वाढदिवसाचा केक त्याचा. तो म्हणाला, "साहेब, जुना मोबाइल हाय तो. चार्जिंग होते, अपडेट होत नाई."

काकाजी पाण्याची बाटली भरून आत येत होते. त्यांनी ऐकलं. बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

मला राग आला, आणि त्या रागातून मी ठरवलं की काकाजींचं ज्ञान काय आहे ते यांना दाखवायचं. मी त्यांना विचारलं, मोडीची अक्षरं ग्रुपवर शिकवू का?

"शिकव," ते म्हणाले. "मी गेल्यावर कोन वाचन?"

मी चार सोमवार मेहनत केली. जाड कागदावर शाईनं एकेक अक्षर काढायचं, शेजारी आपलं नेहमीचं, खाली ओळखायची खूण. प्रत्येक फोटोखाली लिहायचे, 'आमच्या दफ्तरींनी शिकवलेलं.' अंगठे यायचे, टाळ्यांचे हात यायचे. माझं नाव हिरवं झालं. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

पाचव्या सोमवारी सरावासाठी एक खरं पान द्यायचं होतं. सगळ्या दप्तरात सर्वांत देखणं पान कुठलं, ते मला माहीत होतं.

काकाजी त्या दिवशी रजेवर होते. मी बस्ता सोडला. पट्टी ठेवून एक फोटो काढला. तो गचाळ दिसत होता, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक अवघड जोडाक्षर होतं, ते मला दाखवायचं होतं. मी पट्टी उचलली. दोन्ही रकाने वाचले. जातीच्या रकान्यातला शब्द मी इथे लिहिणार नाही. शेऱ्यात लिहिलं होतं की या माणसाकडे गावातली मेलेली जनावरं ओढून गावाबाहेर नेण्याचं काम आहे. हे लिहिणं मला टाळता येत नाही, नाहीतर पुढचं हसू कशाचं ते कळणार नाही.

मी वाचलं, आणि तरी फोटो काढला. मोडी कुणाला वाचता येणार आहे, असं मनाशी म्हणाले. चार आठवडे मी त्यांना मोडीच शिकवत होते, हे त्या क्षणी मला आठवलं नाही, की आठवूनही मी पुढे गेले, याचा निकाल माझ्याच्यानं अजून लागलेला नाही. अक्षर सुंदर होतं. खाली 'आमच्या दफ्तरींनी शिकवलेलं' असं जाणार होतं. मी पाठवलं.

साहेबांनी लगेच लिहिलं, 'अत्यंत स्तुत्य. सर्वांनी वाचून उत्तर टाकावे. अचूक वाचणाऱ्यास या आठवड्याचा ज्ञानरत्न.'

मी संध्याकाळच्या बसमध्ये होते. फोन थरथरत राहिला. अव्वल कारकुनानं पूर्ण ओळ टाकली होती, एकही चूक न करता. नाव, बापाचं नाव, वावर, जात, काम. माझे चारही तक्ते त्यानं जपून ठेवले होते. त्या ग्रुपवर माझ्याकडून एकच माणूस खरोखर काही शिकला, तो हा.

त्याखाली त्यानंच लिहिलं, 'आडनाव पाहा. हे तं आपल्या काकाजीइचे आजोबा!'

मग, 'म्हनूनच काकाजी बस्ते येवढे मस्त ओढतेत.'

त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली, डोळ्यांतून पाणी काढणारी. एकानं हिंदीत घातलं, 'खानदानी हुनर है भाई.' कुणीही 'थांबा' म्हटलं नाही. मीही नाही. मी माझा फोटो तेवढा काढून टाकला. त्याजागी 'हा संदेश हटवला आहे' असं आलं आणि खाली त्याची ओळ तशीच राहिली. रात्रीच्या आत साहेबांनी ज्ञानरत्नाचं रंगीत पोस्टर टाकलं. त्यावर दोन फोटो होते, अव्वल कारकुनाचा आणि माझा. साहेबांनी हसरी तोंडं पाहिली नसतील असं मी बरेच दिवस धरून चालले. आता धरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अव्वल कारकुनाच्या टेबलाशी गेले.

"भाऊ, तो मेसेज काढा."

"काहून? खोटं लिवलं का मी?"

"काकाजींना कळलं तर काय वाटेल?"

"त्याइचा डब्बा फोन. कोन सांगून राहिलं त्याइले? तुमी सांगता का?" तो खुर्चीत मागे रेलला. "अन् मॅडम, बाराखडी तुमची, पान तुमचं. मी फक्त वाचलं. शिकवाचं तुमी अन् पास झालो तं मीच गुन्हेगार?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

"पुरान्या गोष्टीची लाज कायले धराची?" तो म्हणाला. "आमच्या घरची असती तं आमी फ्रेम करून लावली असती."

त्याच्या घरची नव्हती. माझ्याही घरची नव्हती. माझ्या गावच्या, कोंढ्याच्या दप्तरात माझ्या आजोबांचं पान असेलच, आणि त्यावर पट्टी ठेवायची गरज कधी कुणाला पडली नसेल. त्याच्या तोंडावर मी हे म्हणू शकले असते. गप्प राहून परत आले. गप्प राहणाऱ्या माणसाला लोक सौम्य म्हणतात. मी सौम्य म्हणून ओळखली जाते.

काकाजींना कळायला दोन दिवस लागले. ती ओळ आणि ते पोस्टर कुणीतरी पुढे पाठवलं, तिथून ते त्यांच्या गावच्या ग्रुपवर पोचलं आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात होती, तिच्या फोनमध्ये उघडलं. घरात काय झालं मला माहीत नाही.

ते वेळेवर कामावर आले. झाडलोट पाहिली, दोन अर्जांचे कागद काढून दिले. दुपारी त्यांनी गावचा बस्ता खाली घेतला, पान उघडलं आणि टेबलावर इकडेतिकडे हात फिरवला.

"पट्टी कुठं ठेवली, मॅडम?"

दार लोटलेलं होतं आणि ते मला मॅडम म्हणाले.

पट्टी माझ्या पिशवीत होती. फोटो काढताना बाजूला ठेवलेली, नंतर बसमध्ये वाचत होते त्या पुस्तकात मी ती खूण म्हणून घातली होती. मी पुस्तक काढलं, पट्टी काढून त्यांना दिली. त्यांनी ती शर्टाला पुसली.

"चुकलं माझं, काकाजी."

"त्याइचं सोडा," ते म्हणाले. "त्याइले कागद म्हंजे कागद. तुमाले समजत होतं." पट्टी पानावर ठेवून त्यांनी बस्ता बांधला. गाठ नेहमीसारखीच मारली.

त्यानंतर त्यांनी मला काहीही शिकवलं नाही. विचारलं त्याचं उत्तर द्यायचे. साहेबांनी त्यांच्या निवृत्तीआधी व्हिडिओ काढायचं ठरवलं, कुठला बस्ता कुठे आहे ते कॅमेऱ्यासमोर सांगायचं. अव्वल कारकून फोन धरून उभा राहिला. "बोला काकाजी, दुनिया पाहून राहिली." काकाजी फळीकडे बोट करायचे. "हा इथं. तो तिथं." यादीतल्या चुका त्यांनी सांगितल्या नाहीत. कुणी विचारल्या नाहीत. मला विचारता आल्या असत्या. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते.

निरोपाला शाल, नारळ आणि अव्वल कारकुनाचं भाषण झालं. काकाजींना बोलायला सांगितलं. ते उठले, "कागद सांभाळले," म्हणाले आणि बसले. पट्टी त्यांनी टेबलावरच ठेवली होती. ती मला दिली असं मी समजले नाही. ती कार्यालयाची वस्तू म्हणून मागे राहिली.

दीड वर्षानं ते गेले. ग्रुपवर गुलाब पडले. अव्वल कारकुनानं लिहिलं, 'ज्ञानाचा चालताबोलता खजिना हरपला.' त्यालाही अंगठे आले.

मी त्यांच्या गावी गेले. घरासमोर पांढऱ्या कपड्यातली माणसं बसलेली होती, आत भिंतीवरच्या दोन तसबिरींखाली मेणबत्त्या जळत होत्या. नात दारात आली.

"तुमीच त्या मॅडम?"

"हो."

"बसा. पानी आनतो."

तिनं पाणी आणलं, मी पिईपर्यंत उभी राहिली आणि रिकामा पेला हातात घेऊन म्हणाली, "आजोबानं मले मोडी शिकवतो म्हटलं होतं. मी वही बी आनली होती. मंग तो मेसेज आला. मंग मी रोज म्हनो शिकवा, तं म्हने नाई, ते आपल्या कामाचं नाई." पेला तिनं जोरात खाली ठेवला. "वही कोरीच हाय."

पुढच्या साली ती आमच्याकडे आली. पडताळणीसाठी तिला आजोबांच्या वडलांच्या वडलांचा पुरावा हवा होता. रेकॉर्ड रूम आता माझ्याकडे होती. मी बस्ता सोडला, पान उघडलं, शेवटच्या दोन रकान्यांवर पट्टी ठेवली.

"पट्टी तुम्हीच उचला," मी म्हणाले आणि खिडकीकडे निघाले.

"खिडकीपाशी नाई," ती म्हणाली. "बाहेर जा."

अर्जदाराला कागदाजवळ एकटं सोडायचं नसतं, असा नियम आहे. मी तो सांगितला नाही. बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. अव्वल कारकून समोरून गेला. "काय मॅडम, वर्गाबाहेर काढलं का?"

बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. पट्टी उचलून बाजूला ठेवलेली होती. ती पानाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "तुमी वाचा."

"नक्कल देताना मी खाली सरळ अक्षरात लिहून देते. ती तुम्ही घरी..."

"इथं वाचा. मोठ्यानं. ग्रुपवर टाकलं तसं पुरं."

मी वाचलं. नाव, बापाचं नाव, बोडीखालचं वावर. मग जातीचा रकाना आला. मी थांबले, तिनं मान वर केली. मी तो शब्द उच्चारला. मग शेरा वाचला. बाहेर टायपिंगचा आवाज येत होता. तिचा चेहरा हलला नाही. रडायचा अधिकार तिथे माझा नव्हता, म्हणून मी खाकरून घेतलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"बस. दोन नकला पायजे."

नकलेखाली मोडीचं वाचन सरळ अक्षरात लिहून त्याखाली मोडी जाणणाऱ्यानं सही करायची असते. मी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तिनं दोन्ही कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले. मग टेबलावरची पट्टी उचलली, तिच्या मऊ झालेल्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि तीही पर्समध्ये टाकली.

ती गेली. पान उघडं होतं, आणि ते झाकायला माझ्याकडे माझ्या हाताशिवाय दुसरं काही नव्हतं.